हंगामापूर्वींचें भाकीत

पावसाळा सरत आला, वैनगंगेचें पाणी पात्रांत उतरलें आणि महाविद्यालयांच्या मैदानांवरील चिखल वाळूं लागला, म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत एक चर्चा दरवर्षीं न चुकतां सुरू होते. यंदा आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत मुलींच्या कबड्डीचें अजिंक्यपद कोणाकडे जाणार? खो-खोमध्यें कोणाचा संघ भारी? बास्केटबॉलचे संघ तरी किती येणार? क्रीडाशिक्षकांच्या खोलींत, मैदानासमोरील चहाच्या टपरीवर, एस. टी.च्या बांकावर ही चर्चा चालते. आणि तींत हिरिरीनें भाग घेणाऱ्या मंडळींपैकीं आम्हीही एक आहों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. अजून एकही चढाई झालेली नसते, एकही खो दिलेला नसतो. तरीही पहिला कोण, दुसरा कोण आणि हिशेबांतही न धरण्याजोगा कोण, हें आमच्यापुरतें ठरून गेलेलें असतें. या निरुपद्रवी दिसणाऱ्या छंदाचा नैतिक विचार करण्याची पाळी आमच्यावर कशी आली, तें सांगूं.

कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका बैठकींत वैनगंगेपलीकडील एका लहान महाविद्यालयाच्या मुलींच्या कबड्डी संघाचा विषय निघाला. आम्ही सहज बोलून गेलों कीं, त्या संघाचा विचार करण्याचें कारण नाहीं. बोलण्यांत द्वेष नव्हता. किंबहुना विचारही नव्हता. पुढें हिवाळ्यांत त्या गांवीं जाण्याचा योग आला, तेव्हां त्या संघांतील एका मुलीनें आम्हांस ओळखलें. त्या वर्षीं महाविद्यालयाजवळ मुलींचा एकच संघ पाठविण्यापुरता पैसा होता. कबड्डीचा पाठवावा कीं खो-खोचा, असा प्रश्न निघाला असतां, जाणकारांचेंही मत असेंच आहे म्हणून आमचें तें वाक्य कोणीतरी पुढें ठेविलें, आणि कबड्डीचा संघ घरीं राहिला. मुलगी तिसऱ्या वर्षाला होती. म्हणजे तिचा तो शेवटचा हंगाम. तिनें तक्रार केली नाहीं. इतकेंच विचारलें, "सर, तुम्ही आम्हाला खेळताना पाहिलं होतं का जी?"

आम्हीं पाहिलें नव्हतें.

चूक कोठें झाली हें शोधूं गेलों, तेव्हां प्रथम एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत आली. आमचें भाकीत खोटें ठरलें असें म्हणण्याची सोयच नव्हती. तें खोटें ठरण्यासाठीं तो संघ मैदानांत उतरावयास हवा होता; आणि त्यानें उतरूं नये याची तजवीज त्या भाकितानेंच करून ठेविली होती. जें विधान आपल्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यास न्यायालयाच्या दारांतच अडवितें, त्यानें खरेपणाचा डौल कसा मिरवावा? ज्योतिर्विद ग्रहण वर्तवितो. चंद्र तें ऐकत नाहीं. वेधशाळा पावसाचा अंदाज सांगते; ढगांना त्याचें सुखदुःख नाहीं. शेतकरी मात्र तो अंदाज ऐकून रोवणी लांबवितो, म्हणून तेथें सांगणाऱ्याची जबाबदारी थोडी वाढते. माणसाविषयीं केलेलें भाकीत या दोहोंहूनही निराळें आहे. ज्याच्याविषयीं बोलावयाचें तोच तें ऐकतो, त्याचे आईबाप ऐकतात, त्याच्या प्रवासाचा खर्च मंजूर करणारा ऐकतो. आणि पुढें जें घडतें त्यांत त्याच्या गुणावगुणांचा वाटा किती व आमच्या बोलण्याचा किती, हें मग वेगळें काढतां येत नाहीं. सारांश, असें भाकीत हें केवळ ज्ञान नव्हे. तें एक कृत्य आहे, आणि कृत्यास लागू होणारे न्यायान्यायाचे सर्व नियम त्यास लागू आहेत.

स्त्रियांच्या खेळांचा इतिहास तर असल्या भाकितांनीं भरलेला आहे. अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ यांनीं 1891 च्या डिसेंबरांत बास्केटबॉलचा खेळ काढला, आणि दुसऱ्याच वर्षीं स्मिथ कॉलेजांत सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनें तो आपल्या विद्यार्थिनींस शिकविला. बाईंचें धाडस मोठें, यांत शंका नाहीं. तथापि त्या काळच्या समजुतीस मान देऊन त्यांनीं मैदानाचे तीन भाग पाडले, व कोणाही मुलीनें आपला भाग ओलांडूं नये असा निर्बंध घातला. कारण सबंध मैदानभर धांवणें स्त्रीच्या प्रकृतीस झेपणार नाहीं, असें विद्वानांचें भाकीत होतें. झेपतें कीं नाहीं हें कळूंच नये, अशी त्या नियमाची रचना होती! याच वळणाचा, अर्ध्या मैदानांत कोंडलेल्या सहा-सहा मुलींचा खेळ आयोवा राज्यांतील शाळांत 1993 सालापर्यंत चालू होता. आणि तेथें तो अतिशय लोकप्रिय होता हेंही सांगितलें पाहिजे, कारण कुंपणाची संवय झाली म्हणजे कुंपणांतही रस वाटूं लागतो.

याहून बोलका दाखला धांवण्याच्या शर्यतीचा आहे. 1928 च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्यें स्त्रियांसाठीं 800 मीटरची शर्यत प्रथम ठेवण्यांत आली. शर्यतीच्या अंतीं धांवणाऱ्या बायका थकून पडल्या, असा वृत्तपत्रांनीं गवगवा केला. जणूं पुरुष शर्यत संपवून कधीं जमिनीवर पडतच नाहींत. इतक्या पुराव्यावर ती शर्यत बंद झाली, ती 1960 सालीं रोममध्यें पुन्हां सुरू झाली. मधलीं बत्तीस वर्षें "स्त्रिया हें अंतर धांवूं शकत नाहींत" हें विधान ऑलिंपिकच्या मैदानावर अबाधित राहिलें, कारण तेथें त्यांना तें धांवूं दिलें नव्हतें. आज गडचिरोलीहून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर पहांटे उभें राहावें. धुक्यांतून चार-सहा मुलींचा घोळका धांवत येतांना दिसेल. एकीच्या हातांत घड्याळ असेल. महाराष्ट्र पोलीस दलाच्या भरतींत मुलींच्या शारीरिक परीक्षेस जी मोठी धांव आहे, ती नेमकी 800 मीटरचीच आहे. जें अंतर एका पिढीच्या जाणत्यांनीं स्त्रीजातीस अशक्य म्हणून वर्ज्य केलें, तेंच आज आमच्या जंगलांतील मुलींस पोटापाण्याचें दार झालें आहे.

आतां आमच्या प्रांतांतील हंगामाकडे वळूं. अमेरिकेंत महाविद्यालयीन मुलींच्या बास्केटबॉल संघांची वर्तमानपत्री क्रमवारी 1976 सालापासून चालू आहे, आणि सामने सुरू होण्यापूर्वींच कोणता संघ आपल्या गटांत कोठें राहील याचे अंदाज तेथें छापून येतात. त्या अंदाजाचें गणित साधें असतें. गेल्या वर्षींच्या पांच प्रमुख खेळाडूंपैकीं किती परतल्या, नव्या किती आल्या, शिक्षक तोच आहे कीं बदलला, घरच्या मैदानावर किती सामने आहेत, एवढें पाहिलें कीं बहुतेक काम भागतें. हेंच गणित आम्ही येथें मांडूं लागतों, आणि पहिल्याच पायरीवर अडतों. किती परतल्या? आमच्याकडे हा प्रश्न खेळाचा नसून लग्नसराईचा आहे. उन्हाळ्यांत कोणाकोणाचे हात पिवळे झाले, हें कळल्याशिवाय पावसाळ्यांत संघाची यादी होत नाहीं. कोणी भरतींत निवडली गेली, तर तिचें अभिनंदन करावें आणि डाव्या कोपऱ्यास नवी मुलगी शोधावी. सामने ऐन धानकापणीच्या तोंडावर आले, तर ज्या घरीं कापणीस माणूस नाहीं, त्या घरची चढाईपटू बांधींत असते, मैदानांत नसते. आणि पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडचा रस्ताच पाण्याखालीं जातो. मग तेथील मुलीनें कोणत्या गुणांच्या बळावर वेळेवर सरावास यावें? सिरोंच्याहून गडचिरोली दोनशें किलोमीटरच्या आसपास आहे. तेथून रात्रभर, नाहीं तर दिवसभर बसून आलेला संघ सकाळीं सामन्यास उभा राहतो, आणि आम्ही टपरीवरून म्हणतों, "पाय जड आहेत या पोरींचे."

बास्केटबॉलचें तर बोलावयासच नको. त्यास 28 मीटर लांब व 15 मीटर रुंद असें सपाट, टणक मैदान लागतें, फळ्या लागतात, कडीं लागतात. कबड्डीस मुलींसाठीं 12 मीटर बाय 8 मीटर मऊ माती पुरते. फार तर चुन्याच्या रेघा. म्हणून आमच्या दक्षिणेकडील मुली कबड्डींत चांगल्या आणि बास्केटबॉलमध्यें मागें, असें जें शहाणपणानें सांगितलें जातें, त्यांत मुलींविषयीं कांहींच सांगितलेलें नसतें. तें सिमेंटविषयींचें विधान असतें. कबड्डींतही आतां मोठे सामने मॅटवर होतात. मातींत अनवाणी वाढलेली मुलगी प्रथमच बूट घालून मॅटवर उतरली, म्हणजे तिचें पाऊल अर्धा क्षण उशिरां वळतें, आणि कबड्डींत अर्ध्या क्षणांत पकड होऊन जाते. तें पाहून तिची योग्यता ठरविणारा परीक्षक खरें काय मोजतो?

भाकितांचा पाया किती भुसभुशीत असतो, याचा एक सरकारी दाखलाही आहे. 27 सप्टेंबर 2011 रोजीं गडचिरोली येथें गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालें. तोंपर्यंत या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयें नागपूर विद्यापीठाच्या कक्षेंत होतीं, आणि विद्यापीठाच्या संघांत जागा मिळवावयाची तर अहेरीच्या मुलीस नागपूर शहरांतील मैदानांवर घडलेल्या मुलींशीं स्पर्धा करावी लागे. विद्यापीठ वेगळें झालें, त्याचा स्वतःचा संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ सामन्यांस व राज्याच्या "अश्वमेध" महोत्सवास जाऊं लागला, आणि ज्या मुलींविषयीं पूर्वीं कोणी आशा धरली नसती, त्या "विद्यापीठाच्या खेळाडू" झाल्या. त्या दिवशीं कोणाचेंही पाऊल अधिक चपळ झालें नव्हतें. नकाशावरील एक रेघ तेवढी हलली होती.

येथें कोणी म्हणेल, मग वाईट बोलूं नका, चांगलें बोला. या उपायाची आम्हांस निंदेहूनही अधिक भीति वाटते. कारण चांगलें बोलण्याचीही एक रूढ पद्धत आपल्याकडे आहे. "आदिवासी मुली उपजतच काटक, जंगलांत वाढलेल्या, त्यांना धांवणें काय शिकवावयाचें?" हें वाक्य आम्हीं सभांतून इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, त्यास टाळ्या कोठें पडणार हेंही सांगूं शकूं. वरवर पाहतां ही स्तुति आहे. उकलून पाहिली तर चोरी आहे. जी मुलगी चार वर्षें पहांटे उठली, गुडघ्याची कातडी सोलून घेऊन पकड शिकली, तिची सर्व मेहनत या वाक्यानें जंगलाच्या खात्यावर जमा होते. शिवाय उपजतच येत असेल, तर शिक्षक कशाला, दूध-अंडीं कशाला, मॅट कशाला? गोंड किंवा माडिया मुलीच्या यशाचें श्रेय रक्तास देणारा आणि तिच्या अपयशाचें खापर रक्तावर फोडणारा, हे दोघे एकाच शाळेचे विद्यार्थी होत.

एक आक्षेप मात्र टाळतां येण्यासारखा नाहीं. पैसा थोडा असतो. संघ दोन असतात. कोणता पाठवावयाचा हें कोणीतरी ठरविलेंच पाहिजे, आणि ठरविणें म्हणजे अंदाज करणें. हें आम्ही मान्य करतों. निवड करणाऱ्यानें डोळे मिटून चिठ्ठी काढावी असें आम्ही म्हणत नाहीं. तीही एक प्रकारची जबाबदारी टाळण्याचीच रीत आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, अंदाज करणाऱ्यानें दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. हा संघ आज काय करूं शकतो, हा एक. आणि यास आजवर काय दिलें गेलें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर दुसऱ्याशिवाय देणें म्हणजे एकास जेवूं घालून व दुसऱ्यास उपाशी ठेवून दोघांस कुस्तीस उभें करणें, आणि वर पंचाचें मानधन घेणें.

भाकितें कशीं फसतात, याचा सर्वांस ठाऊक असलेला प्रसंग 2018 सालचा. आशियाई खेळांत स्त्रियांची कबड्डी 2010 सालीं आली. त्या वेळीं व 2014 सालीं सुवर्णपदक भारताचेंच होतें. हुतूतू हा आमच्या अंगणांतला खेळ. तो आम्हांस कोण शिकविणार? जाकार्ता येथील अंतिम सामन्यांत इराणच्या मुलींनीं भारतास 27-24 असें हरविलें. आणि त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक कोण? नाशिकच्या शैलजा जैन. पुढें 2023 सालीं हांग्झो येथें भारतानें सुवर्णपदक परत मिळविलें, तेंही चिनी तैपेईवर 26-25 असा अवघ्या एका गुणानें विजय मिळवून. यावरून "खेळांत कांहींही होऊं शकतें" असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तो आळशी माणसाचा निष्कर्ष वाटतो. कांहींही झालें नव्हतें. जें व्हावयाचें तेंच झालें होतें. इराणांत काम झालें होतें आणि आम्हीं तें पाहिलें नव्हतें. आमचा अंदाज आमच्या पदकांवर बेतलेला होता. त्यांचा सराव त्यांत कोठेंच धरला नव्हता.

त्याच वर्षींच्या मे महिन्यांत चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळांचे पांच विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोंचले; त्यांत मनीषा धुर्वे ही एक मुलगी होती. आज सगळे अभिमानानें सांगतात. पण या मोहिमेंतील जी गोष्ट आम्हांस विचारार्ह वाटते ती शिखर नव्हे, क्रम होय. तेथें आधीं शिकविलें गेलें, साधनें आणि महिनोन्‌महिन्यांचें शिक्षण आधीं मिळालें, आणि मग कोण किती चढेल याचा विचार झाला. आमच्या महाविद्यालयीन मैदानांवर हाच क्रम उलटा आहे. आधीं चढून दाखवा, मग दोर देऊं.

या विषयावर आमच्या एका वडीलधाऱ्या मित्राशीं वाद झाला. ते म्हणाले, फळाची आशा न धरतां खेळावें हीच आपली शिकवण. मग तुमच्या भाकितानें त्या मुलीचें काय बिघडलें? निष्काम कर्माचा हा उपयोग ऐकून आम्ही थक्क झालों. ती शिकवण कर्त्याला आहे, प्रेक्षकाला नाहीं. ज्याच्या हातीं कर्म आहे त्यानें फळाविषयीं उदासीन असावें, पण दुसऱ्याच्या हातांतून कर्मच काढून घेऊन त्यास वैराग्य शिकवावें, असें तींत कोठें आहे? शिवाय फळ म्हणजे येथें केवळ पितळी करंडक नव्हे. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं पांच टक्के जागा राखीव आहेत. त्या ठराविक स्पर्धांतील यशाच्या प्रमाणपत्रावर मिळतात, आणि त्या स्पर्धांची वाट महाविद्यालयाच्या संघांतूनच जाते. त्याहून लहान पण अधिक निकडीचें फळ दुसरेंच आहे. मुलगी घरीं परवानगी मागते, तेव्हां बाप विचारतो, "जिंकणार आहांत का? नाहीं तर चार दिवस कशाला जातां?" त्या प्रश्नास ती काय उत्तर देते, तें पुष्कळदां आम्ही टपरीवर काय बोललों यावर अवलंबून असतें. पेन्शन घेणाऱ्या गृहस्थानें या मुलीस फलाशा सोडावयास सांगणें शोभत नाहीं, असें आम्हीं त्यांस म्हटलें. ते थोडे रागावले, हेंही नमूद करतों.

तर मग यंदाचें काय? वाचकांस भाकीत हवेंच असेल, आणि इतकें लिहून आम्हीं तें टाळणें हाही भित्रेपणाच होईल. आमच्या मतें मॅटवर खेळ झाला तर चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा या बाजूच्या संघांस आरंभीं लाभ होईल. मातीवर झाला तर हा लाभ बराचसा नाहींसा होईल. सामने धानकापणीपूर्वीं आटोपले तर ब्रह्मपुरी-आरमोरीकडील संघ पूर्ण बळानें येतील. नंतर आले तर त्यांच्या दोन-तीन मुली कमी असतील, आणि तो दोष मुलींचा नसेल. खो-खोची चुरस वाढेल, कारण 2025 च्या जानेवारींत दिल्लीस झालेल्या पहिल्या विश्वचषकांत भारताच्या मुलींनीं नेपाळला हरवून अजिंक्यपद मिळविल्यापासून, आणि त्यांची कर्णधार प्रियांका इंगळे ही महाराष्ट्राची असल्यामुळें, पूर्वीं ज्या घरांतून नकार येई तेथून आतां निदान प्रश्न येतात. बास्केटबॉलविषयीं आमचें भाकीत असें कीं, जेथें मैदान आहे तेथील संघ जिंकेल. दक्षिणेकडील संघांविषयीं आम्ही आज कांहींच सांगत नाहीं. ही दया नव्हे. आम्हीं त्यांचा खेळ अजून पाहिलेला नाहीं.

त्या नदीपलीकडील महाविद्यालयाकडे जाणाऱ्या गाडीची आम्हीं परवां चौकशी केली. मुलींचा सराव पहांटे साडेपांचला सुरू होतो आणि साडेसातला संपतो, असें तेथील क्रीडाशिक्षकांनीं कळविलें आहे. सकाळची पहिली गाडी आठला पोंचते. आदल्या रात्रींच मुक्कामास जावें लागेल.